सशाचा वरचा ओठ

जनावराचं वय बघायचं असलं की आमच्यात खालचा ओठ ओढतात. शेळी असो की मेंढी, मान काखेत दाबायची, अंगठ्यानं खालचा ओठ खाली करायचा आणि पुढचे दात मोजायचे. दुधाचे असले तर पिल्लू, दोन मोठे आले तर दोनदाती, मग चारदाती, सहादाती, आणि आठ झाले की जुळलं, म्हणजे ऐन वयात आलं. त्यानंतर दात लांबतात, फाकतात, हलायला लागतात. तसं दिसलं की जनावर उतरलं म्हणायचं. वरचा ओठ कुणी बघत नाही, कारण शेळीला वर पुढचे दातच नसतात, नुसती हिरडी असते. हे सगळं मला माझ्या वडलांनी शिकवलं. त्यांना सही येत नव्हती, पण गंगाखेडच्या बाजारात त्यांनी वय सांगितलं की घेणारा आणि विकणारा दोघं गप्प बसायचे.

मी शिकलो, मास्तर झालो, पिंगळीच्या शाळेत लागलो. शेळ्या सुटल्या, पण ही विद्या मी सोडली नाही. सोडू कशाला? मास्तर काय, जिल्ह्यात पैशाला पासरी होते. दात बघणारा मास्तर मी एकटा. बाजाराच्या दिवशी माणसं शेळी घेऊन शाळेच्या फाटकाशी उभी राहायची. "गुरुजी, जरासं दात बघता का?" की मी खडूचे हात झटकून बाहेर. ओठ ओढायचा, हुकूम द्यायचा, परत वर्गात. माझा शब्द कधी खाली पडला नाही. निदान मी तरी तसं समजत होतो.

दुष्काळ सरून तीन-चार वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. आमच्या शेजारी रेल्वेतले एक बाबू राहायचे. त्यांची बदली झाली, सामान गेलं आणि ससा मागं राहिला. पांढरा, लाल डोळ्यांचा, चांगला मांजराएवढा. तो त्यांच्याकडंही दुसऱ्या कुणाकडून आलेला, त्यामुळं त्याचं वय कुणालाच माहीत नव्हतं. माझी एकुलती एक लेक तेव्हा चौथीत होती. तिनं तो मागून घेतला. मला विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो, तिच्या आईनं हो म्हटलं. झालं! आमच्या घरचं हायकोर्ट चुलीपाशी भरायचं आणि त्याच्या वर अपील नव्हतं.

सशाचे काय लाड म्हणून सांगू! भिजवलेली भाकर, शिळा भात, केळाचा गर. कडबा तोंडाला टोचंल म्हणून लेक भाकरीचा वरचा पापुद्रा काढून तेवढाच त्याला द्यायची. मी म्हणायचो, "अगं, जनावर हाय ते, जावाई न्हाई." ती हसायची. पण तिचा माझ्यावर भारी भरवसा. शाळेत पोरींना सांगायची, "आमच्या आप्पाला जनावराचं समदं कळतं." हे मी वर्गाच्या खिडकीतून माझ्या कानांनी ऐकलं होतं आणि दिवसभर फुगून फिरलो होतो.

चैत्र सरता सरता ससा खायचा कमी झाला. हनुवटी सदा ओली, गळ्याखालचे केस चिकट. एका सकाळी लेक त्याला पोटाशी धरून आली. "आप्पा, ससा खाईना. बघा की."

मी बाजेवर बसलो होतो. ससा काखेत दाबला, अंगठ्यानं खालचा ओठ ओढला. दोन दात, पिवळट, बोटाच्या पेराएवढे लांब, पुढं बाहेर आलेले. असले दात मी शेकडो म्हाताऱ्या शेळ्यांच्या तोंडात बघितले होते. एवढे लांब मात्र कधी नव्हते, म्हणजे हा फारच म्हातारा, असा मी हिशोब केला.

"उतरलाय," मी म्हणालो.

"म्हंजी?"

"म्हातारा झालाय, बाई. दिवस भरले त्याचे."

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. मान हलवली. मी सांगितलं म्हणजे ते खरंच असणार, असं तिच्या तोंडावर दिसत होतं. आज आठवलं की वाटतं, रडली असती, हातपाय आपटले असते, तर बरं झालं असतं. माझ्याशी भांडली असती तर मी पुन्हा एकदा तरी बघितलं असतं.

वर मी आमच्या घरची रीत तिला सांगितली. जाणाऱ्या जनावराच्या तोंडात बळंच घास कोंबू नये, त्याचा जीव अडकतो. सावलीत ठेवावं, पाणी पुढं करावं आणि त्याच्या वाटेनं त्याला जाऊ द्यावं. "तू त्याला खाऊ घालायचं न्हाई," मी बजावलं. "पाप लागतं."

बायको आतून म्हणाली, "अवो, परभणीला जनावराच्या दवाखान्यात न्या की एकदा."

"सशाला? लोक हसतील मला. अन् मी बघितल्यावर डॉक्टर काय निराळं सांगणार हाय?"

"डॉक्टर हाय तो. शिकलेला हाय."

"मग मी काय गोट्या खेळलो?"

तिनं तांब्या खाली ठेवला तो जरा जोरात ठेवला. पुढचे तीन दिवस आमच्या घरात भांडीच जास्त बोलली.

ससा रांजणापाशी, ओलाव्याला जाऊन बसला. लेक शाळा सुटली की दप्तर फेकून त्याच्याशेजारी. ओलं फडकं त्याच्या अंगावर, पाण्याची वाटी पुढं. तो वाटीत तोंड घालायचा, थोडं पाणी जायचं, थोडं गळ्यावरून खाली. पोळी, भाकर काही म्हणता काही तिनं पुढं केलं नाही. मी मना केलं होतं ना! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं मला विचारलं, "आप्पा, आज जाईल का तो?"

"आज न्हाई तर उद्या," मी म्हणालो. पेपर वाचता वाचता म्हणालो. पूर्णा पॅसेंजर कधी येईल असं कुणी विचारावं आणि आपण सांगावं, तसं. माझ्या जिभेला हाड नव्हतं, दुसरं काय!

तिसऱ्या दिवशी शाळा सकाळची होती. दुपारी मी उघड्या अंगानं फरशीवर पडलो होतो. बाहेर ऊन मी म्हणत होतं. बायको दारात बसून कोथिंबीर निवडत होती. तेवढ्यात ससा उठला. पाठीची हाडं वर आलेली, मागचे पाय लटपटत होते. फरफटत तो तिच्यापर्यंत गेला आणि खाली पडलेली एक काडी त्यानं तोंडात धरली. काडी पडली. पुन्हा धरली, मान तिरपी केली, पुन्हा पडली. डाव्या बाजूनं धरून बघितली, उजव्या बाजूनं बघितली. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. किती वेळा त्यानं ती काडी उचलली असेल! शेवटी काडी हनुवटीखाली घेऊन तो तसाच बसला, तिचा वास घेत.

मी उठून बसलो. जाणारं जनावर अन्नाकडं बघत नाही, तोंड फिरवतं. हेही वडलांनीच शिकवलं होतं, आणि तीन दिवस मला ते आठवलं नव्हतं. हा तर भुकेनं कासावीस झाला होता.

"अवो, ह्याला भूक हाय," बायको म्हणाली. "ह्याला खाता येईना."

तिनं हातातली कोथिंबीर टाकली, सशाला मांडीवर घेतलं आणि त्याचं तोंड उघडायला गेली. ती शेतकऱ्याच्या घरातली, शेळीमेंढीवाल्यांची नव्हे. कुठला ओठ ओढायचा ते तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. तिनं वरचा उचलला.

"अगं माय माय!"

वर दात होते. दोन मोठे दात, विळ्यासारखे आत वळलेले, आणि एकाचं टोक टाळूत रुतलेलं. तिथं लाल झालं होतं. शेळीला वर दात नसतात म्हणून मी सशाच्या वरच्या ओठाला हातसुद्धा लावला नव्हता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात; माझ्या शहाणपणानं एक मुकं जनावर तीन दिवस उपाशी मरायलं होतं, आणि मी त्याच्या शेजारी पेपर वाचत होतो.

लेक कधी येऊन उभी राहिली ते कळलं नाही. तिनं आईच्या खांद्यावरून वाकून सशाच्या तोंडात बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. "आप्पा, म्हातारा न्हाई का मग तो?"

"सायकल काढतो," एवढंच म्हणालो.

परभणीची गाडी निघून गेली होती. सायकलीवर मी पुढं, लेक कॅरिअरवर, तिच्या मांडीवर बाजाराची पिशवी आणि पिशवीत ओल्या फडक्यात ससा. डांबर पातळ होऊन टायरला चिकटत होतं. झळा तोंडावर येत होत्या. मी पायडल मारत होतो आणि मनात एकच, हा वाटेत गेला तर मागं बसलेल्या पोरीला काय सांगू? अर्ध्या रस्त्यात ती म्हणाली, "आप्पा, थांबा. हलंना तो."

लिंबाखाली सायकल टाकली. पिशवी उघडली. ससा कुशीवर पडलेला, डोळा अर्धवट उघडा. मी छातीला बोट लावलं. थरथर होती, फार बारीक. लेकीनं बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन त्याच्या कानांना चोळलं, पुन्हा चोळलं. थोड्या वेळानं त्यानं नाक हलवलं. "चला," ती म्हणाली. चला म्हणणारी आता ती होती, आणि मी चाललो.

दवाखान्यात एका बैलाला आडवं पाडलेलं होतं आणि चार माणसं त्याच्यावर बसली होती. डॉक्टर तरुण होता, घामानं निथळत होता. ससा बघून तो हसेल म्हणून मी आधीच मान खाली घातली होती. तो हसला नाही. हात धुतले, सशाचे दोन्ही ओठ एकदमच मागं सारले आणि म्हणाला, "किती दिवस उपाशी?"

"तीन."

"तीन दिवस काय करत होतात?"

मी काही बोलायच्या आत लेक म्हणाली, "आप्पा म्हणले, म्हातारा झालाय."

"म्हातारा?" डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. "अहो, ह्याची नखं बघा, कातडी बघा. जेमतेम दीड वर्षाचं पोर आहे हे!"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. तो मात्र सांगत राहिला. सशाचे दात जन्मभर वाढतच राहतात. वरचे खालच्यांवर घासून झिजतात. ह्याचे मुळातच नीट जुळत नाहीत, त्यात तुम्ही नुसतं मऊच चारलं असणार. आता कापावे लागतील, आणि एकदा कापून भागणार नाही, दर महिन्याला बघावं लागेल. "पण आधी आजचं बघा. सकाळपर्यंत ह्याच्या पोटात चारा गेला नाही तर आतडी थांबतील. मग मीपण काही करू शकणार नाही."

"मग कापा की, डॉक्टरसाहेब!"

त्यानं हत्यारांचा ट्रे पुढं ओढून दाखवला. बैलाचे खूर कापायची कात्री, हाताएवढा चिमटा. "ह्यानं दाबून तोडला तर दात उभा चिरतो, पार मुळापर्यंत. बारीक करवत पाहिजे. सोनाराकडं असते तसली." मग कसं करायचं ते त्यानं नीट समजावलं. फडक्यात गुंडाळा, डोळे झाका, दातामागं चमच्याचा दांडा घाला म्हणजे जीभ वाचेल, हिरडीच्या जवळ जाऊ नका. मी मास्तर, पण ते ध्यान देऊन ऐकलं लेकीनं. ओठ हलवून ती एकेक गोष्ट पाठ करत होती.

परभणीच्या सराफ्यात दोन दुकानांच्या पायऱ्या चढलो. एकानं हसून घालवलं. दुसऱ्यानं हात जोडले, "गुरुजी, गिऱ्हाईक बसलंय." सूर्य उतरायला लागला होता. तशीच सायकल वळवली आणि परत पिंगळी. आमच्या गल्लीच्या तोंडाला एक म्हातारे सोनार होते, जाड चष्म्याचे, बायकोची जोडवी त्यांनीच केलेली. मी सगळं सांगितलं. त्यांनी करवत हातात घेतली आणि खाली ठेवली. "गुरुजी, मी आजवर सोनं कापलं. जीव कापला न्हाई. हात हुकला तर पाप माझ्या माथी."

लेकीनं पळत जाऊन घरी सगळं सांगितलं होतं; बायको चमचा घेऊन येऊन उभी होती. ती म्हणाली, "मामा, पाप आधीच झालंय, अन् ते आमच्या माथी हाय. तुमी बसा."

मी ससा धरायला हात पुढं केले. लेक म्हणाली, "तुमी नका. मी धरते. त्याला माझी सवय हाय." मी हात मागं घेतले. तिनं फडक्यात गुंडाळलेला ससा छातीशी आवळला आणि त्याचे डोळे तळव्यानं झाकले. बायकोनं दातामागं चमच्याचा दांडा सरकवला. मला काम उरलं नाही, म्हणून मी बॅटरी धरली.

करवत म्हणजे दोऱ्याएवढी. पहिल्यांदा ती खालच्या दातावर फिरली तेव्हा झालेला आवाज अजून माझ्या कानात आहे. एक दात पडला. दुसरा पडला. वरचा कापताना सशानं अंगातलं होतं नव्हतं ते बळ काढून झटका दिला. करवत सरकली आणि ओठातून रक्त आलं. पांढऱ्या केसांवर ते फार दिसत होतं.

सोनारांनी करवत टाकून दिली. "बास. आता माझ्यानं व्हायचं न्हाई."

लेक, जिच्या फ्रॉकवर ते रक्त लागलं होतं ती, हळूच म्हणाली, "आजोबा, खालचे कापले अन् वरचे तसेच ठेवले, तर तो खाईल कसा?"

म्हाताऱ्यानं तिच्याकडं बघितलं. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. "घट धर, बाई," म्हणाले आणि करवत उचलली. टाळूत रुतलेला तुकडा निघाला तेव्हा बायकोनं मोठ्यानं श्वास सोडला. मग कानशीनं त्यांनी चारी टोकं घासून दिली, अंगठीची कड घासावी तशी.

घरी आणलं, कोपऱ्यात ठेवलं. पुढं कोथिंबीर, हराळी, कडब्याची कवळी पानं, घरात होतं नव्हतं ते सगळं. तो तोंड लावीना. डोळे मिटून बसला. आम्ही तिघं भिंतीला टेकून, चूल थंड. मी म्हणालो, "जरा तोंडात घालून बघू का?" लेकीनं काड्या त्याच्या अजून जवळ सरकवल्या. दिवा लागला. शेजारच्या घरातून भाकरी थापल्याचा आवाज येऊन थांबला. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. देवाला कधी काही न मागणारा मी, पोखर्णीच्या नरसिंहाला मनातल्या मनात नारळ बोललो.

मग तो पुढं सरकला. हराळीची एक काडी धरली. पडली. पुन्हा धरली, आणि या वेळी ती आत गेली. कुरकुर, कुरकुर. काडी बघता बघता आखूड होत नाहीशी झाली. दुसरी. तिसरी. बायको तोंडाला पदर लावून रडायला लागली. माझ्याही डोळ्याला धार लागली, खोटं कशाला सांगू! लेक मात्र रडली नाही. एकेक काडी पुढं करत राहिली.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी ही गोष्ट सगळ्या मास्तरांना सांगितली. सांगताना तीन दिवसांचा अर्धा दिवस झाला, वरचा ओठ मीच उचलला, आणि सोनाराकडं जायची अक्कलही माझीच. सगळे म्हणाले, "वा गुरुजी, मानलं तुमाला!" मीही मान डोलावली.

महिना झाला. डॉक्टरचं बोलणं माझ्या ध्यानात होतं. रविवारी सकाळी मी मुद्दाम सशाला मांडीवर घेतलं. आता मला नवी विद्या आलेली ना! दोन्ही ओठ मागं सारले. दात आखूड होते. चारीही सारखे, टोकं गुळगुळीत घासलेली.

"कुणी कापले गं?"

लेक उंबऱ्यावर बसून कडब्याची पानं सोलत होती. "सोनार आजोबांनी. परवा नेलता मी अन् मायनं."

"अन् मला कामून न्हाई सांगितलं?"

ती चिडलेली नव्हती, रुसलेली नव्हती. वर्गात मी विचारल्यावर जसं सरळ उभं राहून उत्तर द्यायची, तसंच तिनं दिलं. "तुमाला सांगितलं असतं, तर तुमी आधी बघत बसला असताव, आप्पा. तवर उशीर झाला असता."

आणि तिनं ससा माझ्या मांडीवरून उचलून नेला.